मॅनेजर नकोसा झालाय: कंपनी धरायची की एरिया?

तुम्ही एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारे औषध कंपनीचे प्रतिनिधी असाल आणि साहेबांमुळे रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येत असेल, तर तुमच्यापुढे दोनच खरे रस्ते आहेत. त्याच कंपनीत दुसऱ्या मॅनेजरच्या हाताखाली बदली मागायची, म्हणजे बहुतेक वेळा गाव सोडायचं. नाहीतर गाव तेच ठेवून कंपनी सोडायची. मी दोन्ही केलंय. आधी सोलापूरहून सांगलीला बदली घेतली आणि सव्वादोन वर्षांनी सांगलीतच राहून कंपनी बदलली. त्यामुळे पुढचं सगळं एका माणसाच्या, एका एरियाच्या अनुभवावरचं आहे, हे धरून वाचा.

‘थांब जरा, साहेबांचीच बदली होईल’ हा सल्ला सगळे देतात. होतेही कधीकधी. पण साहेब जाण्याची वाट बघत काढलेल्या वर्षाचं इन्सेंटिव्ह परत मिळत नाही, म्हणून तो रस्ता मी मोजत नाही.

सोलापूरचे माझे साहेब ओरडणारे होते. सकाळच्या कॉलवर सगळ्या टीमसमोर आकडे वाचायचे आणि ज्याचा आकडा कमी त्याची पंधरा मिनिटं खरडपट्टी. त्रास खरा होता. बदलीचा अर्ज मी थेट वरच्या साहेबांकडे नेला, तेव्हा सांगलीची जागा रिकामी होती म्हणून काम झालं. बदलीचे फायदे कागदावर भक्कम आहेत. नोकरी सलग राहते, साठलेल्या रजा राहतात, नोटीस पिरियडची भानगड नाही आणि नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षं मोडत नाहीत. ही रक्कम लहान समजू नका. बेसिक 18,000 असेल, तर 15 भागिले 26 च्या हिशोबाने पाच वर्षांचे जवळपास 52,000 रुपये होतात.

पण बदलीत दोन गोष्टी सोबत येतात, त्या अर्ज करताना कोणी सांगत नाही. एक म्हणजे तुमचं नाव तुमच्याआधी पोचतं. सांगलीत पहिल्याच जॉइंट वर्कला, म्हणजे मॅनेजरसोबतच्या फेरीला, मिरजेत एका ओपीडीबाहेर उभे असताना नवे साहेब म्हणाले, “तुझ्याबद्दल ऐकलंय मी सोलापूरहून.” आवाज गोड होता, पण त्या वाक्याने माझं खातं उणे आकड्यानेच उघडलं. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते: डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून. मिरजेतल्या कन्सल्टंटकडे रात्री साडेनऊपर्यंत बाकावर बसायचं, जत-विट्याच्या आउटस्टेशनला (बाहेरगावच्या फेरीला) महिन्यातून एकदाच तोंड दाखवायला मिळतं. मला लोक नावाने ओळखायला लागायला दीड वर्ष गेलं.

आणि सांगलीचे साहेब कधीच ओरडले नाहीत. त्यांचा फोन यायचा तो महिन्याच्या 28 तारखेनंतर. “अरे, एवढं दोन लाखांचं बघ ना. आपण ॲडजस्ट करू.”

मी नोकरी सोडली ती या एका गोष्टीपायी, टार्गेट भरायला न खपणारा माल पुढे ढकलण्यापायी. सेल्फी हजेरी, रात्री अकराला मागितलेला डीसीआर (दिवसभराच्या भेटींचा रिपोर्ट), हट्टाने लावलेलं आउटस्टेशन हे सगळं मी सोसलं असतं. मार्च क्लोजिंगला त्यांनी खोकल्याच्या सिरपच्या 40 पेट्या माझ्या स्टॉकिस्टवर, म्हणजे कंपनीचा माल घेऊन दुकानांना पुरवणाऱ्या अण्णांवर, टाकायला लावल्या. मार्चअखेर, सांगलीचं ऊन, आणि कफ सिरप. जो माल पाऊस पडल्याशिवाय हलत नाही, तो वर्ष संपवण्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडावर उतरवला. अण्णांच्या गोडाऊनमध्ये ते आणि मी उभे होतो. त्यांनी भिंतीकडे हात केला. जानेवारीच्या पेट्यांवरची टेपसुद्धा फाटलेली नव्हती. “साहेब, हे विकलं नाही, आणि हे कुठं ठेवू?” मी म्हणालो, “अण्णा, एवढ्या वेळेस घ्या, जूनमध्ये मी फिरवून देतो.” त्यांनी घेतलं, कारण शब्द माझा होता. दहा टक्के मार्जिनवर धंदा करणाऱ्या माणसाचे पैसे मी माझ्या शब्दावर अडकवले.

जूनमध्ये साहेबांनी रिटर्न मंजूर केला नाही. “सेकंडरी का होत नाही, ते तू सांग,” म्हणाले. सेकंडरी म्हणजे स्टॉकिस्टकडून पुढे दुकानांना होणारी विक्री. वरच्या साहेबांच्या शीटवर माझा एरिया ‘स्टॉक जास्त, काम कमी’ असा दिसत होता. मार्चचा तो फोन कुठल्याच शीटवर नव्हता. अण्णांनी माझे फोन घेणं बंद केलं. दुकानावर गेलो की पाण्याचा ग्लास पुढे करायचे आणि बिलांत डोकं घालायचे. ओरडणं घरी जाईपर्यंत विसरता येतं. ते गप्प बसणं मला विसरता आलं नाही.

तेव्हा मला पुन्हा बदली मिळत होती, नांदेडची. मी दोन रात्री विचार केला. साहेब दोन-तीन वर्षांत पुढे सरकतात, कंपनीचं डिव्हिजन बंद होतं किंवा विकलं जातं. माझ्या हातात उरतं ते त्या गावातल्या शंभरेक डॉक्टरांचं आणि दहा-बारा दुकानांचं माझ्यावरचं मत. नांदेडला गेलो असतो तर अण्णांच्या गोडाऊनमधल्या त्या पेट्या तशाच टाकून गेलो असतो आणि नव्या गावात परत बाकावर पहिल्यापासून बसलो असतो.

कंपनी सोडण्याचा तोटाही सांगतो. माझी नोकरी सव्वाचार वर्षांची झाली होती, ग्रॅच्युइटी गेली. नव्या ठिकाणी सहा महिने प्रोबेशन, ब्रँड कमी चालणारे, आणि सुरुवातीचं इन्सेंटिव्ह नावापुरतं. तुमची साडेचार वर्षं झाली असतील तर दात-ओठ आवळून पाच पुरी करा, असंच मी म्हणेन. एरियात येऊन वर्षही झालं नसेल, तर बदलीच बरी, कारण गमावण्यासारखं अजून काही जमलेलं नसतं. घरी लहान मुलं, आई-वडील जिथे असतील ते गावही हिशोबात धरायला हवं. पण तीन-चार वर्षं एकाच एरियात घासली असतील, तर माझं मन एरियाकडे झुकतं.

नेमणूकपत्रात ‘सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ अशी ओळ असली तर फार घाबरू नका. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे अशी अट सहसा टिकत नाही. शेवटच्या पगाराचंही नीट विचारा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचं बंधन आहे. खर्चाची बिलं त्यात येत नाहीत, म्हणून ती आधी पास करून घ्या.

आणि राजीनाम्याचा मेल टाकायच्या आधी एक दिवस फक्त स्टॉकिस्टांसाठी ठेवा. प्रत्येकाकडून बॅच नंबरसकट क्लोजिंग स्टॉकचं (शिल्लक मालाचं) स्टेटमेंट शिक्का मारून घ्या, अडकलेल्या मालाची रिटर्नची विनंती कंपनीच्या मेलवर पाठवा आणि त्याची प्रत त्यांच्या हातात द्या. मी ते केलं. नोटीस पिरियडच्या सहा आठवड्यांत अण्णांच्या 40 पैकी 26 पेट्यांचं क्रेडिट आलं. उरलेल्या पावसाळ्यात मी स्वतः दुकानं फिरून काढल्या, तेव्हा नव्या कंपनीत रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. ऑगस्टमध्ये अण्णांनी नव्या कंपनीची पहिली ऑर्डर दिली, पाच पेट्यांची. आकडा त्यांनी स्वतः लिहिला, मी विचारलाही नव्हता.