मॅमथचं स्प्रिंग स्कीइंग: मार्च ते जुलै, पाच महिन्यांनंतरचा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं. आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत राहतो, मी, नवरा आणि बारा वर्षांची लेक, आणि २०२३ मध्ये मार्चपासून जुलैपर्यंत कॅलिफोर्नियातल्याच मॅमथ माउंटन या स्कीच्या डोंगरावर नऊ ट्रिपा केल्या, एकूण एकवीस दिवस स्की केलं. त्याआधी दोन-तीन वर्षं फक्त डिसेंबरच्या सुट्टीत जायचो, गर्दीत उभं राहायचो, थंडीने बोटं बधिर व्हायची आणि परत यायचो. स्प्रिंगमध्ये, म्हणजे वसंतात, स्की करतात हे ऐकलं होतं पण मला वाटायचं उरलासुरला बर्फ असेल, त्यात काय मजा. आता म्हणाल तर मी डिसेंबरला जाणारच नाही, पैसे आणि सुट्ट्या सगळ्या एप्रिल-मेसाठी राखून ठेवणार. पण स्प्रिंगचं स्कीइंग घड्याळ बघून करावं लागतं. हे आम्हाला कोणी नीट सांगितलं नाही आणि दोघांनी आपापली किंमत मोजली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जागेबद्दल. मॅमथचा माथा ११,०५३ फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून थोडं जास्तच, आणि मेन लॉज, जिथून आपण लिफ्ट पकडतो, तेच ९,००० फुटांच्या आसपास. उंचीमुळे आणि डोंगराचं तोंड बहुतेक उत्तरेकडे असल्यामुळे बर्फ टिकतो. साधारण मेच्या शेवटापर्यंत चालू असतं, भरपूर बर्फाचं वर्ष असेल तर जुलैपर्यंत. आणि २०२३ तर विक्रमीच, मेन लॉजला ७१५ इंच बर्फ पडला त्या सीझनला, जवळजवळ साठ फूट, आणि लिफ्ट चालू राहिल्या थेट ६ ऑगस्टपर्यंत. मार्चमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा गावातल्या घरांच्या खिडक्या दिसत नव्हत्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, आणि ३९५ हायवे वादळांमुळे सारखा बंद व्हायचा म्हणून निघायच्या आधी दर तासाला रस्ता बघायचो. पण मार्चची ती ट्रिप म्हणजे हिवाळाच होता. खरं स्प्रिंग सुरू झालं एप्रिलच्या शेवटी.

त्या पहिल्या गरम वीकेंडला आम्ही सवयीप्रमाणे लवकर उठून साडेआठला पहिल्या लिफ्टच्या रांगेत. निरभ्र आकाश, ऊन, माणसं कमी, मी तर खूश. ब्रॉडवे नावाच्या लिफ्टवरून वर गेलो आणि उतरायला लागल्यावर कळलं की खाली बर्फ नाही, दगड आहे. आदल्या दिवशी दुपारी वितळलेल्या बर्फात लोकांच्या स्कीने चर पडले होते ते रात्रीत तसेच्या तसे गोठले होते, नांगरलेल्या शेतावर सिमेंट ओतावं तसे. ग्रूमरने, म्हणजे बर्फ दाबणाऱ्या यंत्राने, सपाट केलेल्या पट्ट्यावर तरी उभं राहता येत होतं, मी जरा कडेला गेले आणि एज, म्हणजे स्कीच्या कडेची धातूची धार, धरलीच नाही. पडले ती चाळीस-पन्नास फूट घसरत गेले, थांबवताच येईना. मनगट मुरगळलं, तीन आठवडे पोळ्या लाटता येत नव्हत्या. त्यात ती स्की भाड्याची होती, गावातल्या एका दुकानातून घेतलेली, आणि नंतर नखाने एज तपासली तर बोथट, नखावर साधा ओरखडासुद्धा उठत नव्हता. दुकानवाल्याला दाखवलं तर म्हणे स्प्रिंगमध्ये बर्फ मऊ असतो, धार लागत नाही. हे साफ चुकीचं आहे! स्प्रिंगच्या सकाळीइतकी धार कधीच लागत नाही. तुम्ही भाड्याने घेणार असाल तर दुकानातच नखाची कड एजवर आडवी ओढून बघा, नखाचा पांढरा कीस निघाला पाहिजे, नाही निघाला तर दुसरी जोडी मागा, लाजू नका.

त्याच दुपारी लिफ्टवर शेजारी एक आजी बसल्या होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, चाळीसेक वर्षं इथे स्की करतायत म्हणाल्या. माझं बांधलेलं मनगट बघून त्यांनी विचारलं किती वाजता आलात, मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या दीड तास लवकर आलात. आणि मग त्या आठ-दहा मिनिटांत जे शिकवलं ते मला कुठल्याच लेसनमध्ये मिळालं नव्हतं.

दिवसा बर्फ वितळतो, रात्री गोठतो, परत वितळतो, परत गोठतो. असं बरेच दिवस झालं की बर्फाच्या मूळच्या चांदण्या मोडून त्याचे गोल टपोरे दाणे होतात, इकडे त्याला कॉर्न स्नो म्हणतात. सकाळी हे दाणे एकमेकांना घट्ट चिकटलेले, म्हणून दगड. ऊन लागलं की वरचा इंच-दोन इंच थर सुटा होतो आणि खालचा टणकच राहतो. तेव्हा त्यावर स्की अशी जाते की विचारू नका, आवाजसुद्धा वेगळा, खर्रर्र नाही तर सळसळ. आणखी तासा-दोन तासांनी पाणी जास्त होतं, खालचा आधार जातो आणि सगळा लगदा. मी ग्लोव्ह काढून मूठभर बर्फ घेतला होता त्या दिवशी सव्वादहाला, तळहातावर अगदी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे, बोटांत फिरवले तर एकेक मोकळा घरंगळत होता. खिचडी जमते तेव्हा साबुदाणा जसा हवा ना, अगदी तसा. आणि दुपारी दीडला त्याच जागी मूठ भरली तर गोळा झाला आणि पाणी गळायला लागलं. मी तेव्हापासून लेकीला तेच सांगते, साबुदाणा मोकळा आहे तोवर खेळायचं, चिकट झाला की घरी.

दुसरी गोष्ट आजींनी सांगितली ती आकाशाची. मला वाटायचं रात्री तापमान ३२ फॅरनहाइटच्या (शून्य सेल्सियसच्या) खाली गेलं की झालं. तसं नाही. रात्र निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता थेट आकाशात सोडतो आणि हवा ३५-३६ असली तरी वरचा थर गोठतो. ढग असतील तर पांघरूण घातल्यासारखं होतं, गोठतच नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच लगदा. आम्ही मेमध्ये एका शनिवारी रात्रभर ढग होते तरी गेलो, दहालाच गुडघ्यापर्यंत रुतत होतो. आता मी हवामानात आधी रात्रीचे ढग बघते, मग तापमान.

आणि तिसरी गोष्ट दिशेची. पूर्वेकडचे उतार आधी मऊ होतात, उत्तरेकडचे सगळ्यात शेवटी. ईगल लॉजची बाजू चालू असेल तर सकाळची सुरुवात तिकडून, मग कॅन्यन लॉजची बाजू, मग मेन लॉजकडे सरकायचं आणि कॉर्निस बोल हा माथ्याजवळचा तीव्र उतार वगैरे वरचं सगळं साडेदहा-अकराच्या आत नाहीच. उन्हाच्या मागे मागे फिरायचं. ईगल आणि कॅन्यन सीझनच्या शेवटी आधी बंद होतात, जुलैत तर फक्त मेन लॉजची बाजू होती, तेव्हा हा हिशोब जरा आखडतो, पण तरी उजव्या-डाव्या कडांना फरक जाणवतो.

नवऱ्याचं दुखणं उलट्या टोकाचं. तो म्हणाला सकाळ तुझी, दुपार माझी, आणि मेच्या मध्यात अडीच वाजेपर्यंत थांबला. दुपारी झाडांची सावली उतारावर पडते, सावलीतला बर्फ परत घट्ट होत असतो आणि उन्हातला चिकट. सावलीतून वेगात आला आणि उन्हात शिरल्याबरोबर स्की गपकन थांबली, माणूस पुढे गेला. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, सुटलं नाही. गुडघ्याचं आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं, सहा आठवडे ब्रेस आणि फिजिओथेरपी, जूनची ट्रिप त्याने लॉजच्या गच्चीवर पुस्तक वाचत काढली. त्यामुळे आता आमच्या घरी एक वाजता म्हणजे एक वाजता. मेच्या अखेरीनंतर लिफ्टच मुळी सकाळी साडेसातला चालू आणि दुपारी दोनला बंद असतात, ते बघून मला आधी वाटायचं काय हा कमी वेळ, आता कळतं की ती वेळ डोंगराने ठरवलेली आहे.

सामानाबद्दल, कारण पैसे तिथेच जातात. मनगटाच्या प्रकारानंतर आम्ही स्की सेकंडहॅंड घेतल्या, बूट मात्र नवे घेतले आणि बूट नवे घेतल्याचं अजिबात वाईट वाटत नाही. वॅक्सचा, म्हणजे स्कीच्या तळाला लावायच्या मेणाचा, मी कधी विचार केला नव्हता. थंडीचा वॅक्स उन्हाळी बर्फात कुचकामी आहे, गरम हवेचा वेगळा मिळतो, बहुधा पिवळ्या रंगाचा, तो लावल्याबरोबर फरक कळला. मे-जूनमध्ये पाइनचे पराग आणि धूळ बर्फावर बसते, त्याची काळपट चिकट पुटं स्कीच्या तळाला धरतात, म्हणून दर संध्याकाळी तळ पुसायचा आणि खिशात घासून लावायचा छोटा वॅक्स ठेवायचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि गुडघे वाचतात.

ऊन. हे हलक्यात घेऊ नका. साध्या भाषेत, वरून येतं तेवढंच जवळजवळ खालून परत येतं, ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, आणि उंचीमुळे मुळातच जास्त. मला हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेला भाजलं होतं, तिथे क्रीम लावायचं कोणाच्या डोक्यात येतं? आता लावते. ओठांना वेगळं. गॉगलची गडद काच घ्या, डिसेंबरची पिवळी काच मेमध्ये घालून लेकीचे डोळे रात्रभर चुरचुरत होते, आई म्हणून मला फार अपराधी वाटलं. गरम होतं म्हणून ग्लोव्ह काढून स्की करू नका, त्या दाण्यांवर पडलं तर कातडी किसणीवर घासल्यासारखी निघते. पातळ ग्लोव्ह घाला, पण घाला.

पहिल्या रात्री डोकं दुखतं, आम्हा तिघांनाही दर वेळी. पाणी पीत राहायचं आणि शुक्रवारी रात्री पोचून शनिवारी सकाळी एकदम वर गोंडोलाने माथ्यावर जायचं नाही.

एक गंभीर गोष्ट. दोऱ्या बांधलेल्या असतात त्या ओलांडू नका, कोणीही ओलांडताना दिसलं तरी. मॅमथ हा ज्वालामुखी आहे, डोंगरातून अजून वायू निघतो, बर्फाखाली पोकळ्या होतात. एप्रिल २००६ मध्ये अशाच एका पोकळीच्या कडेचा बर्फ खचून स्की पेट्रोलच्या, म्हणजे डोंगरावर सुरक्षेचं काम बघणाऱ्या पथकाच्या, तिघांचा जीव गेला, आणि ते तिथे लोकांसाठी कुंपण नीट करायला गेले होते. शिवाय दुपारी तीव्र उतारावर ओला बर्फ थराने सरकतो. पेट्रोलची माणसं उतार बंद करतात तेव्हा लोक कुरकुरतात, मला ते ऐकवत नाही.

खर्चाचं म्हणाल तर रोजचं तिकीट खिडकीवर घेणं परवडतच नाही, आम्ही सीझन पास घेतला होता आणि एकवीस दिवसांत तो पुरेपूर वसूल झाला. राहण्याचे दर एप्रिलनंतर खूप उतरतात. ग्रुप लेसनला लेकीच्या बॅचमध्ये जूनमध्ये दोनच मुलं होती. खाणं मी घरूनच नेते, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. मेन लॉजच्या पार्किंगमध्ये मे-जूनला लोक शेगड्या मांडून, खुर्च्या टाकून बसतात, दुपारी दीडला बूट काढून पाय उन्हात आणि हातात चटणी-दशमी, शेजारच्यांना पण दिली, त्यांनी आम्हाला भाजलेलं कणीस दिलं. डिसेंबरमध्ये पाच ट्रिपांत कोणाशी एवढं बोलणं झालं नव्हतं.

जाताना-येताना रस्ता लांब आहे, ३३० मैलांच्या आसपास, सहा तास धरा, क्रेमर जंक्शननंतर वाळवंटच. पण लोन पाइनला माउंट व्हिटनी दिसतो तिथे आम्ही दर वेळी थांबतो. मॅमथ ज्यांनी उभं केलं ते डेव्ह मॅकॉय, लॉस एंजेलिसच्या पाणी खात्यात बर्फ मोजायचं काम करायचे, या डोंगरांत किती बर्फ आहे म्हणजे शहराला किती पाणी मिळेल याचा अंदाज घ्यायला स्कीवरून फिरायचे. १९५५ मध्ये त्यांनी मॅमथला पहिली खुर्च्यांची लिफ्ट बसवली. २०२० मध्ये गेले, वय १०४. हे वाचल्यापासून मला तो रस्ता वेगळाच दिसतो. वाटेवरचं ओवेन्स लेक हे तळं गेली शंभर वर्षं जवळजवळ कोरडं, १९१३ पासून त्यात येणारं पाणी कालव्याने लॉस एंजेलिसला जातं, नेहमी तिथे पांढरी धूळ उडताना बघितली होती. जूनमध्ये परत येताना त्यात पाणी चमकत होतं, नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि आम्ही बराच वेळ नुसते बघत उभे राहिलो.

शेवटचा दिवस ९ जुलैचा. टी-शर्टवर स्की केलं, लेक माझ्या पुढे कॉर्निस बोलवरून उतरली, मी वर उभी राहून तिचे वळणांचे आवाज ऐकत होते.

कोणाला जायचं असेल तर माझ्या मते पहिल्यांदा शिकणाऱ्यांनी एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरावा, खालचे सोपे उतार तेव्हा भरलेले असतात, जूनमध्ये उरतं ते जरा अवघड असतं. स्की आता गॅरेजमध्ये आहेत, तळाला वॅक्सचा जाड थर देऊन तो न खरवडता तसाच ठेवलाय, एजवरही फिरवलाय म्हणजे गंज धरणार नाही, हे नक्की करा, नाहीतर नोव्हेंबरमध्ये तांबडी एज बघून रडाल. लेकीचे बूट पाच महिन्यांतच लहान झाले, ते मात्र बदलावे लागणार.