अप्रेझल प्रणाली: कौतुकाच्या नोंदी उत्तम, रेटिंगचा रकाना चुकीच्या जागी

आमच्या कंपनीने एक्सेलमधले अप्रेझल (वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन) फॉर्म बंद करून ही ऑनलाइन प्रणाली घेतली. मी ती दोन्ही बाजूंनी वापरते: स्वतःचं सेल्फ-अप्रेझल भरायला आणि माझ्या सपोर्ट टीमचं तपासायला. केआरए (ज्यावर काम मोजलं जातं ती ठरवलेली मुख्य उद्दिष्टं), ट्रेनिंग वगैरे भाग ठीकठाक चालतात, त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

पैसे वसूल होतात ते कौतुकाच्या नोंदींमध्ये. ‘कौतुक करा’ दाबलं की दोन रकाने उघडतात: काय केलं, आणि त्याचा उपयोग कोणाला झाला. दोन्ही भरल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. नुसतं शाब्बास म्हणायलाही फॉर्म भरायचा का, अशी सुरुवातीला टीममध्ये कुरकुर झाली. पण मग आमच्या एका ज्युनिअर मुलीला बिलिंगमधल्या सहकाऱ्याने लिहिलेली नोंद बघा: ‘सर्व्हर बंद पडल्यावर तू आधी ग्राहकांना मेल टाकलास आणि मग लॉग उघडलेस. त्यामुळे आमच्याकडे जे फोन आले, ते फक्त किती वेळ लागेल हे विचारणारे होते. भांडायला कोणी आलं नाही.’ मी तिची मॅनेजर, पण बिलिंगवाल्यांचा ताप तिच्यामुळे वाचला हे मला या नोंदीतूनच कळलं. आणि त्या मुलीलाही नेमकं कळलं की पुढच्या वेळी काय सोडायचं नाही.

क्लूगर आणि डेनिसी या अभ्यासकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या संशोधनाचा मोठा एकत्रित आढावा घेतला होता. त्यात एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी उलट घसरलेली आढळली. लक्ष कामावरून उठून स्वतःकडे वळलं की फीडबॅकचा गुण कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणूनच याच स्क्रीनवर खाली दिलेले ‘स्टार’, ‘चॅम्पियन’ असले एका क्लिकचे बॅज मला अजिबात पटत नाहीत. कशाबद्दल मिळाला ते ना देणाऱ्याला सांगता येतं, ना घेणाऱ्याला. माझ्या टीमला मी ते वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे.

सेल्फ-अप्रेझल भरताना या सगळ्या नोंदी बाजूच्या पट्टीत महिन्यांनुसार दिसतात. ही सोय फार मोलाची आहे. वर्षाअखेरीला फॉर्म उघडला की शेवटचे दोन-तीन महिने तेवढे आठवतात, आधीचं सगळं पुसट झालेलं असतं. त्यात संकोची माणसांचं जास्त नुकसान होतं. आमच्यातले एक सिनिअर दर वर्षी ‘नेमून दिलेली कामं वेळेत केली’ एवढंच लिहायचे. या वेळी पट्टीतली जुनी नोंद पाहून त्यांनी लिहिलं, की पासवर्ड रीसेटची तिकिटं, म्हणजे मदतीसाठी आलेल्या विनंत्या, सोडवायची पद्धत त्यांनी पायरी-पायरीने लिहून ठेवली, आणि आता नवीन मुलं ती तिकिटं वर न पाठवता स्वतःच बंद करतात. यात फुशारकी कुठेच नाही. केलेल्या कामाचा हिशेब आहे, आणि पगारवाढीच्या मीटिंगमध्ये त्यांच्या बाजूने बोलायला मला तोच हवा होता.

आता खटकणारी गोष्ट. १ ते ५ चं रेटिंग मजकुराच्या आधी मागितलं जातं. माणूस आधी आकडा निवडतो आणि मग त्याला साजेसं लिहितो. त्याहून वाईट म्हणजे तो आकडा मॅनेजरला स्वतःचं रेटिंग देण्याआधीच दिसतो. स्वतःला ३ देणाऱ्या माणसाला ४ द्यायला हात कचरतो, आणि ५ घेऊन बसलेल्याला ३ देताना वाद नको असं वाटतं. हे लपवण्याचं सेटिंग आहे, पण ते ॲडमिनकडे असतं आणि सुरुवातीला बंद असतं. आमच्या एचआरने मागितल्यावर ॲडमिनने ते लगेच चालू करून दिलं. रकान्यांचा क्रम मात्र बदलता येत नाही.

रेटिंग पूर्ण बंद करून नुसत्या नियमित चर्चांवर चालायची सोयही यात आहे. ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने २०१२ मध्ये वार्षिक मूल्यमापन सोडून ‘चेक-इन’ सुरू केले, त्या धर्तीवर. आमच्याकडे अजून ती वापरलेली नाही, वापरावी असं मी एचआरला कळवलं आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार. घेणार असाल तर डेमोमध्ये मॅनेजरचा स्क्रीन आवर्जून उघडायला सांगा, विक्रेते बहुधा कर्मचाऱ्याचाच दाखवतात. आणि मोठा मजकूर मोबाईलवर टाइप करू नका, सेशन संपलं की मसुदा जातो.