एटीईएम मिनी : समोर वक्ता आणि मागे त्याचाच पडदा असेल तर

एटीईएम मिनी हा ब्लॅकमॅजिकचा छोटा व्हिडिओ मिक्सर, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांमधलं हवं ते चित्र निवडून पुढे पाठवणारं यंत्र. त्याचं कौतुक बहुधा स्ट्रीमिंगवाले करतात. त्यांचा प्रेक्षक घरी असतो, त्याला चित्र दहा सेकंद उशिरा पोचलं तरी काही बिघडत नाही. माझं काम सभागृहातलं. वक्ता व्यासपीठावर, मागे मोठ्या पडद्यावर त्याचाच चेहरा आणि आवाज थेट स्पीकरमधून. चित्र जरा मागे पडलं की लोक भाषण सोडून ओठांकडे बघत बसतात. बोलणाऱ्यावर तो अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे यंत्र मी इथे फक्त उशिराच्या कसोटीवर तपासते आहे.

आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची १९९८ची शिफारस सांगते की आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला कळतं. मागे राहिला तर १२५पर्यंत खपून जातं. सभागृहात आवाजच पुढे असतो, म्हणजे कडक मर्यादा आपल्याच वाट्याला. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, देणाऱ्या सिग्नलमध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. कॅमेरा, मिक्सर आणि प्रोजेक्टर यांनी एकेक फ्रेम जरी धरून ठेवली तरी १२० झाले. तेच ५० फ्रेमवर ६०. नवं काही विकत न घेता निम्मा उशीर गेला!

इथेच एटीईएम मिनीवर नजर ठेवावी लागते. पहिला जोडलेला सोर्स ज्या फॉरमॅटचा, तोच तो आपोआप धरतो. आधी २५ फ्रेमचा कॅमेरा लावला की सगळा कार्यक्रम २५वर. म्हणून कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये १०८०पी५० (फुल एचडी, सेकंदाला ५० फ्रेम) आधीच ठरवून टाका आणि कॅमेराही त्यावरच ठेवा. चारही इनपुटना फॉरमॅट बदलून घेणारे कन्व्हर्टर आहेत, कुठलाही लॅपटॉप जोडा, चित्र येतं. ही सोय मोठी आहे, पण फ्रेम जुळवून घ्यायला वेळ लागतोच. रेफरन्स सिग्नल घेऊन सगळे कॅमेरे एका तालावर आणायची सोय या डब्यात नाही. ती हवी तर वरच्या दर्जाचा मिक्सर घ्यावा लागेल.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र सेटिंगमध्ये दडलेली आहे : एचडीएमआय आउटपुट ‘कॅमेरा १ डायरेक्ट’वर ठेवता येतं. मग पहिल्या इनपुटचं चित्र मिक्सरच्या प्रक्रियेत न अडकता सरळ बाहेर पडतं. मुळात ही सोय गेम खेळणाऱ्यांसाठी, पण एका वक्त्याच्या भाषणाला अगदी चपखल. पडद्यावर थेट चेहरा, आणि यूएसबीवरून जाणाऱ्या स्ट्रीममध्ये नावाची पट्टी, स्लाइड, दुसरा कॅमेरा, काय हवं ते. बदल्यात पडद्यावर कटिंग नाही, पट्टीही नाही. ते मला चालतं. पडद्याला चित्र द्यायला यूएसबी आणि लॅपटॉपचा रस्ता मात्र कधीच धरू नका, तिथे उशीर आणखी वाढतो.

तरीही उशीर दिसला तर मिक्सरला दोष देण्याआधी मोजा. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावून वक्ता आणि पडदा एकाच चौकटीत घ्या, टाळी वाजवायला सांगा आणि खरी टाळी आणि पडद्यावरची टाळी यांमधल्या फ्रेम मोजा. २४ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद. मग एकेक यंत्र काढून पुन्हा मोजा. प्रोजेक्टरची कीस्टोन दुरुस्ती (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी) आणि चित्र सुधारणारे पर्याय बंद करून, गेम मोड (कमी उशिराची सेटिंग) असेल तर तो लावून काय फरक पडतो तेही बघा. कीस्टोनऐवजी प्रोजेक्टरच सरळ बसवलेला बरा.

उरलेला उशीर आवाज मागे ओढून भरून काढायचा मोह होतो. थोडाच ओढा. पुढच्या रांगांना वक्त्याचे खरे ओठ दिसतात, आणि स्वतःचाच आवाज उशिरा कानावर आला की बोलणारा अडखळतो. मागच्या रांगांचा प्रश्न तसाही सौम्य असतो : व्यासपीठाजवळच्या स्पीकरचा आवाज ३४ मीटर जायला १०० मिलिसेकंद घेतो, त्यामुळे तिथे चित्र आणि आवाज बरेचदा आपसूक जुळतात.