घड्याळ घेतलं, एक्स्टेंडेड वॉरंटी राहू दिली

दादरच्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स शोरूममधून हल्लीच स्मार्टवॉच घेतलं. घड्याळ मस्त आहे, त्याबद्दल फार लिहीत बसत नाही, त्याचे रिव्ह्यू यूट्यूबवर ढिगाने पडलेत. मला लिहायचंय ते बिल करताना काउंटरवर जो प्लॅन गळ्यात मारतात ना, त्याबद्दल. मी तो घेतला नाही. पण मनगटावर नवीन घड्याळ बघून ऑफिसात जी ती येऊन विचारतेय की वॉरंटी वाढवलीस का ग, तर प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

घड्याळ साधारण २८ हजारांचं, कंपनीची वॉरंटी १ वर्षाची. शोरूमवाल्यांकडे दोन प्लॅन होते, एक २,४९९ चा, जो वॉरंटी अजून १ वर्ष वाढवतो, आणि दुसरा ३,९९९ चा, ज्यात पडणं-फुटणं पण येतं म्हणे. म्हणजे पहिलाच घेतला तरी घड्याळाच्या किमतीच्या जवळजवळ ९ टक्के. काउंटरवरचा पोरगा गोड बोलणारा होता, त्याला टार्गेट असणार, त्याच्यावर राग नाही माझा. म्हणाला, "ताई घेऊन टाका, दिवसाला सात रुपये पण पडत नाहीत, सात रुपयात वडापाव तरी येतो का?" मी म्हटलं अरे ते ठीक आहे पण हे सात रुपये आजपासून चालू की पुढच्या वर्षीपासून? तर तो थोडा थांबला. कारण प्लॅन सुरू होतो कंपनीची वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. पैसे आज द्यायचे, उपयोग झालाच तर एक वर्षानंतर. "टोटल दोन वर्षं" असं ते सांगतात, त्यातलं पहिलं वर्ष घड्याळासोबत फुकटच आलेलं असतं.

मग मी म्हटलं अटींचा कागद दे. त्याने जे दिलं ते ब्रोशर, चकचकीत, आई-बाबा-दोन मुलं सोफ्यावर हसतायत असं. मी म्हटलं हे नाही रे, खरा कागद. तेव्हा कुठे आतून कोणाला तरी विचारून त्याने पीडीएफ व्हॉट्सअॅप केली. नवरा तिकडे टीव्ही बघत फिरत होता (आम्हाला टीव्ही घ्यायचा नव्हता, तरी), तेवढ्यात मी वॉशिंग मशीनच्या रांगेत उभी राहून ती सगळी वाचली. वाचण्यासारखी होती.

काय कव्हर आहे तर सामान्य वापरात झालेला मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल बिघाड. एक ओळ. काय कव्हर नाही ती यादी मात्र पानभर. काच, ओरखडे, पाणी, ओलावा, गंज, स्ट्रॅप, चार्जर, सॉफ्टवेअर, बॅटरीची क्षमता कमी होणं, आणि वर "नॉर्मल वेअर अँड टेअर", ज्यात काहीही बसतं. आणि हा प्लॅन घड्याळ बनवणाऱ्या कंपनीचा नसतोच, वेगळीच कंपनी असते, त्यांचा वेगळा हेल्पलाइन नंबर, वेगळा टेक्निशियन, रिपेअरला पार्ट कुठला लावणार ते पण तेच ठरवणार.

आता विचार करा. इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तूत मुळातच दोष असेल तर तो बहुतेक वेळा सुरुवातीच्या काही महिन्यांतच डोकं वर काढतो, तेव्हा कंपनीची वॉरंटी असतेच, कंपनी निमूट बदलून देते. मग मधला काळ शांत जातो, आणि पुढे जुनी व्हायला लागली की झिजेमुळे परत त्रास सुरू. तर हा २,४९९ चा प्लॅन नेमका त्या मधल्या शांत वर्षासाठी आहे! ज्या वर्षी काही व्हायची शक्यता सगळ्यात कमी त्याच वर्षाचे पैसे घेतात, आणि जे होऊ शकतं ते यादीतून आधीच काढून टाकलेलं. ज्याने कोणी हा प्लॅन बनवला त्याला गणित चांगलं येतं.

बरं मुंबईत घड्याळाचं होतं काय ते बघू. मी मुलुंड ते करी रोड रोज, लेडीज डब्यात. चढताना दाराच्या मधल्या खांबाला हात लागला की घड्याळ आधी आपटतं मग मी. शिवाय शेजारणीच्या बांगड्या, बॅगेच्या चेनी, वरच्या कडीला धरलेल्या दहा हातांची घासाघास. काच ओरखडते ती इथे. आणि मुलांना घेऊन जुहूला किंवा गिरगाव चौपाटीला गेलात तर वाळू. वाळूत क्वार्ट्झ असतं, मोह्सच्या कठीणपणाच्या मापात त्याचा नंबर ७, साधी काच साडेपाच-सहाच्या आसपास, म्हणजे वाळू काचेला ओरखडणारच. सफायरची काच ९ वर आहे त्यामुळे तिला वाळूचं काही वाटत नाही, पण कठीण म्हणजे न फुटणारी नव्हे, कडेवर नीट फटका बसला तर तीही तडकते. यातलं काहीही एक्स्टेंडेड वॉरंटीत येत नाही. ओरखडा म्हणजे "कॉस्मेटिक", तडा म्हणजे "फिजिकल डॅमेज". विषय संपला.

पाण्याचं तर विचारूच नका. बॉक्सवर ५ एटीएम लिहिलेलं असतं, लोकांना वाटतं ५० मीटर खोल जाता येतं. तसं नाहीये, ते ५० मीटर पाण्याखाली जेवढा स्थिर दाब असतो तेवढ्या दाबाची टेस्ट आहे, नवीन घड्याळाची. पोहायला चालतं, पण आतलं रबरी सील कायमचं टिकत नाही, हे कंपन्या स्वतःच बारीक अक्षरात लिहितात. पावसाने एवढं काही होत नाही खरं तर. जास्त वाट लागते ती साबण, शाम्पू, गरम पाण्याच्या वाफेने, आणि आपण काय करतो, घड्याळ घालूनच आंघोळ. वर आपली हवा अशी की आठ महिने घाम, खारट. घामाचं मीठ मागच्या चार्जिंगच्या जागी साचतं आणि मग चार्जिंग नीट होत नाही, तेव्हा लोक सर्व्हिस सेंटर गाठतात. आधी ओल्या मऊ फडक्याने पुसून, कोरडं करून बघा. समुद्रात गेलात तर घरी आल्यावर साध्या नळाच्या पाण्याने धुवा, एवढंच. पण एकदा आत पाणी गेलं आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने उघडून बघितलं की वॉरंटी पहिली असो की वाढवलेली, दोन्ही गेल्या.

राहिली बॅटरी. घड्याळातली बॅटरी केवढीशी, तीनशे-चारशे एमएएचची, फोनच्या दहावा भाग धरा. रोज चार्ज करायचं म्हणजे वर्षाला साडेतीनशे वेळा. दोन-तीन वर्षांनी ती बसणारच, हा दोष नाही, बॅटरीचा स्वभाव आहे. आणि बहुतेक दुकानी प्लॅन बॅटरीला "कन्झ्युमेबल" म्हणून सोडून देतात. म्हणजे जी एक गोष्ट नक्की बिघडणार आहे ती पण बाहेर! हे मी त्या पोराला विचारलं तर तो म्हणाला बॅटरी कव्हर आहे ताई, आणि पीडीएफमध्ये होतं की बॅटरी अजिबात चालूच होत नसेल तर कव्हर, लवकर उतरत असेल तर नाही. खोटं बोलला नाही बिचारा, अर्धंच बोलला.

तो दुसरा ३,९९९ वाला प्लॅन, अॅक्सिडेंटल डॅमेजचा, तो निदान पहिल्या दिवसापासून चालू होतो आणि काच कव्हर करतो, त्यामुळे त्याचा मी खरंच विचार केला. पण त्यात क्लेम एकच, आणि रिपेअरचा खर्च जास्त निघाला तर घड्याळाऐवजी पैसे, तेही घसारा कापून, आणि तेही त्याच शोरूमच्या व्हाउचरच्या रूपात. आमच्या टीममधल्या एकीने अशाच एका दुसऱ्या दुकानाचा प्लॅन घेतला होता. अंधेरीला ब्रिजच्या जिन्यावर घड्याळ पडलं, काच फुटली. कॉल केला तर ४८ तासात कळवायला हवं होतं म्हणे. तिने कळवलं होतं, पण ईमेलवर, अॅपवर नाही, झालं, त्यावरून आठवडाभर घोळ. मग बिल, सिरीयल नंबरचा फोटो, फुटलेल्या घड्याळाचे सगळ्या बाजूंनी फोटो, कसं पडलं ते लिहून द्या, प्रोसेसिंग फी भरा. शेवटी हातात आलं व्हाउचर, घड्याळाच्या निम्म्या किमतीचं. तिने त्यातून एअर फ्रायर घेतला. चांगला आहे, कधीमधी त्यातले बटाटे आणते डब्यात.

मग कोणी घ्यायचीच नाही का? तसं नाही. घड्याळ ज्या कंपनीचं, त्याच कंपनीचा स्वतःचा प्लॅन असेल आणि घड्याळ महाग असेल तर वेगळी गोष्ट. उदाहरण द्यायचं तर अॅपलचं अॅपलकेअर प्लस. अॅपल वॉच सिरीज १० आपल्याकडे ४६,९०० पासून सुरू झालं होतं, त्या भावाच्या वस्तूची काच फुटली तर वॉरंटीबाहेर जो आकडा सांगतात तो ऐकून नवीनच घ्यावंसं वाटतं. अॅपलकेअर प्लसमध्ये पडणं-फुटणं कव्हर आहे, किती वेळा याला मर्यादा नाही, दर वेळी ठरलेली सर्व्हिस फी भरायची, आणि प्लॅन चालू असताना बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरीचंही काम होतं. पार्ट ओरिजिनल, भांडायला एकच माणूस. यात पण फी मिळवून हिशोब करा, कारण प्लॅनचे पैसे अधिक फी मिळून फार होत असतील तर काय उपयोग. पण हातून वस्तू पडायची सवय असेल, बाइकवर फिरत असाल, किंवा जिममध्ये डंबेलला घड्याळ घासत असेल तर घ्या. मी घेतलेल्या घड्याळाला मात्र शोरूमने कंपनीचा प्लॅन दाखवलाच नाही, स्वतःचाच पुढे केला, यात कमिशन कुठे जास्त असेल ते सांगायला नको.

दोन-अडीच हजाराच्या घड्याळावर तीनशे-चारशेचा प्लॅन देतात त्याबद्दल एकच शब्द, नको. ते बिघडेपर्यंत तुम्हालाच कंटाळा आलेला असतो.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी जरा डोळे उघडे ठेवा. कार्टमध्ये प्लॅन आधीच टिक करून ठेवलेला असतो, आपण घाईत पेमेंट करतो आणि नंतर बिल बघून कळतं. हे असं गुपचूप कार्टमध्ये सारणं आता नियमाने बंद आहे, केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवून काहीतरी गळ्यात मारायच्या ऑनलाइन युक्त्यांच्या, गाइडलाइन्स काढल्या, त्यात १३ प्रकार दिलेत आणि बास्केट स्नीकिंग त्यातलाच एक. नाही म्हणायच्या बटणावर "मी असुरक्षितच राहीन" टाइप काहीतरी लिहून आपल्याला लाज आणायची, तो पण त्यात आहे. असं दिसलं तर स्क्रीनशॉट काढून १९१५ ला फोन लावा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

आणि हो, वॉरंटी वाढवली नाही म्हणजे आपण अगदी वाऱ्यावर असं पण नाही. मुळातच दोष असलेली वस्तू विकली असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षं मुदत, ५ लाखांपर्यंतच्या केसला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. एका घड्याळासाठी कोण एवढं करतं हा प्रश्न बरोबर आहे, पण नुसती नीट लिहिलेली नोटीस गेली तरी बरीच सर्व्हिस सेंटरं एकदम प्रेमाने बोलायला लागतात. आमच्या सासूबाई मुंबई ग्राहक पंचायतीच्या जुन्या मेंबर, महिन्याचं वाणसामान अजून पंचायतीतूनच येतं. ही संस्था १९७५ पासून आहे आणि तिथे तक्रारीबद्दल सल्ला पण मिळतो. दुकानात जाताना मला त्यांनी एकच सांगितलं होतं, "वाचल्याशिवाय सही करू नकोस." म्हणून तर पीडीएफ मागितली.

वाचवलेल्या पैशातून मी लॅमिंग्टन रोडवरून काच झाकणारी केस आणि दोन स्क्रीन गार्ड घेतले, पाचशेच्या आत सगळं. तिथे गल्लीत काच बदलून देणारे पण बसतात, हात चांगला असतो त्यांचा, पण एक लक्षात ठेवा, घड्याळ एकदा बाहेर उघडलं की ते सील पूर्वीसारखं बसेलच असं नाही, आणि कंपनीची वॉरंटी चालू असेल तर ती तिथेच संपते. म्हणून पहिल्या वर्षात तिकडे जाऊ नका, नंतर जा पण मग घड्याळाला पाण्यापासून लांब ठेवा.

शोरूमला मी ५ पैकी ४ देईन, माल चांगला, भाव ऑनलाइनएवढाच, पोरगा नम्र. प्लॅनला ५ पैकी १, तो एक पण पीडीएफ शेवटी दिली म्हणून. आणि घड्याळ कुठूनही घ्या, बिलावर सिरीयल नंबर लिहिलाय ना ते काउंटर सोडायच्या आधी बघा आणि तिथेच फोटो काढून ठेवा, कारण ते थर्मल कागदाचं बिल पर्समध्ये ठेवलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरं होतं आणि कोऱ्या कागदावर कंपनीची फुकटची वॉरंटी पण कोणी देत नाही.