बजाजनगरातील मेस : वेळेवरचे जेवण आणि त्यामुळे सुधारलेली झोप

नागपूरच्या बजाजनगरातील या मेसमध्ये मी गेले 8 महिने दोन्ही वेळ जेवतो आहे आणि तिची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे रात्रीचे ताट साडेसातलाच वाढले जाते. आधीच्या मेसमध्ये साडेदहाला झणझणीत रस्सा आणि त्यावर चहा होत असे. मग छातीत जळजळ, झोपायला दीड, आणि सकाळी अंबाझरी तलावावर धावायला जाण्याचा बेत रोजच बारगळायचा. चहातील कॅफीन निम्मे उतरायलाच साधारण 5 तास लागतात, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

आता अकराला झोपून सहाला उठतो. प्रौढ वयाला लागणारी किमान 7 तासांची झोप होते आणि जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला आठवड्याचा किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायामही पूर्ण होतो. परीक्षेसाठी जागरण झाले, की दुसऱ्या दिवशी भूक खवळते आणि हात समोशाकडे वळतो, हेही मी अनुभवले आहे.

वरण घट्ट असते, ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येते आणि काकू स्वतः त्यावर चमचाभर जवसाची चटणी वाढतात. भाज्यांत तेल मात्र कमी हवे. रविवारी रात्री मेस बंद असल्याने दूध-केळ्यांवर भागवावे लागते.