आठवड्याला साडेनऊ डॉलर: आमच्या दुकानातल्या युनियनचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन तारे. दोन वर्षांपूर्वी चार दिले असते, अर्धा का कापला ते पुढे सांगते.

लोक प्रेशर कुकरचे आणि फ्रोजन पराठ्यांचे रिव्ह्यू लिहितात, मी युनियनचा लिहितेय. पैसे मोजून घेतलेली सेवाच आहे की तीही! मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या पश्चिमेच्या एका उपनगरात, मोठ्या किराणा दुकानात २०१६ पासून कॅशियर आहे. दुकानाचं आणि लोकलचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच नोकरी करायची आहे. (लोकल म्हणजे युनियनची स्थानिक शाखा. विरार फास्ट नव्हे.)

पहिल्याच दिवशी स्टुअर्डबाईंनी (स्टुअर्ड म्हणजे दुकानातल्याच कामगारांपैकी युनियनची प्रतिनिधी) डोनटचा खोका आणि युनियनच्या सभासदत्वाचं कार्ड पुढे केलं. डोनट घेतला, कार्ड परत दिलं. शेजारच्या काउंटरवरच्या मुलाने आधीच कानात सांगितलं होतं की हे ‘राईट टू वर्क’ राज्य आहे, सही करायची काही गरज नाही. राईट टू वर्क ऐकल्यावर मला आधी आठवली आपली रोजगार हमी, वि. स. पाग्यांची. मागेल त्याला काम. म्हटलं, अमेरिकेत हेही आहे का!

नाही. इथे कामाची हमी कोणी देत नाही. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना एक मुभा दिली: युनियन आणि मालकाच्या करारात ‘युनियनला पैसे दिलेच पाहिजेत’ हे कलम घालायला राज्य बंदी करू शकतं. अशी बंदी घालणाऱ्या कायद्याला नाव मिळालं राईट टू वर्क. ज्याने हे नाव रूढ केलं त्याला मार्केटिंग कळत होतं, एवढं नक्की. मिशिगनमध्ये हा कायदा डिसेंबर २०१२ मध्ये झाला आणि पुढच्या मार्चपासून लागू झाला. ज्या राज्यात फ्लिंट शहरातल्या कामगारांनी १९३६-३७ च्या हिवाळ्यात कारखान्यातच ठाण मांडून जनरल मोटर्सला युनियन मान्य करायला लावली, त्याच राज्यात.

मला तेव्हा फ्लिंटही माहीत नव्हतं. मला माहीत होते बाबा. लोअर परळच्या गिरणीत साचेवाले, १८ जानेवारी १९८२ च्या संपात घरी बसले ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. कायद्याने मान्यता एकाच संघटनेला, आणि अडीच लाख कामगार गेले दत्ता सामंतांच्या मागे. वाटाघाटी करायचा हक्क एकाकडे, माणसं दुसऱ्याकडे. आईने पोळ्या लाटून घर चालवलं. त्यामुळे ‘युनियन’ म्हटलं की आमच्या घरी विषय बदलायचा. वर्गणीचे आठवड्याला साडेनऊ डॉलर वाचवले हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबा नुसतं ‘बरं’ म्हणाले.

तीन वर्षं मी फुकटात राहिले. पगारवाढ करारातली, सिनियॉरिटीप्रमाणे शिफ्ट करारातली, दोन शिफ्टमधली किमान विश्रांती करारातली. सगळं मलाही लागू. कामगारांच्या एका गटाची युनियन एकदा निवडून आली की तिला सगळ्यांच्याच वतीने बोलावं लागतं, वर्गणी न देणाऱ्यांच्याही.

मग केळ्यांचं प्रकरण झालं. मार्च २०१९. मॅनेजरने दुधाच्या कोल्ड रूममागच्या खोलीत बोलावलं. आत हेड ऑफिसचा एक चोरी पकडणारा माणूस आणि टेबलावर तीन पावत्या, प्रत्येकीवर एकच ओळ पिवळ्या मार्करने रंगवलेली: केळी, ४०११. साध्या केळ्यांचा कोड ४०११, ऑरगॅनिकचा ९४०११. तीन गिऱ्हाइकांना मी ऑरगॅनिक केळी साध्या भावाने दिली होती आणि तिघंही देशी. ‘हे तुमच्या ओळखीचे?’ दोघांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिसऱ्या बाई मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या. मी खरं बोलायचं म्हणून ‘एक ओळखीच्या आहेत’ असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दार ढकलून स्टुअर्डबाई आत आल्या. बाहेरच्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. ‘आधी दहा मिनिटं ती माझ्याशी बोलेल,’ म्हणाल्या आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं.

केळ्यांच्याच खोक्यांपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, ‘दिवसातून ४०११ किती वेळा दाबतेस?’ म्हटलं, शंभरदा असेल, बोटं आपोआप जातात. ‘मग हेच सांग. आणि ओळखीचं त्यांनी पुन्हा विचारलं तर मी बोलेन.’ आत जाऊन त्यांनी माझ्या काउंटरच्या त्या अख्ख्या आठवड्याच्या पावत्या मागितल्या. फक्त देशी नव्हे, सगळ्या.

मला तीन दिवस बिनपगारी घरी बसवलं आणि फाइलमध्ये लेखी ताकीद गेली. युनियनने ग्रिव्हन्स, म्हणजे कराराखालची लेखी तक्रार, घातला. सात महिने लागले. त्या आठवड्यात हीच चूक मी पाच गोऱ्या गिऱ्हाइकांच्या बाबतीतही केलेली निघाली! ताकीद फाइलमधून गेली, तीन दिवसांचा पगार परत आला.

हे सगळं होताना मी सभासद नव्हते. बाईंना ते पक्कं माहीत होतं, कार्ड त्यांच्याच हातात परत दिलं होतं ना. एका शब्दाने बोलल्या नाहीत. नंतर एवढंच सांगितलं की अशा चौकशीला युनियनचा माणूस मागायचा हक्क १९७५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मिळालाय, पण मालकाने आपणहून सांगायची सक्ती नाही, तोंडाने मागावा लागतो. तो खटलाही दुकानातलाच. ह्यूस्टनच्या एका दुकानातल्या खाद्यपदार्थांच्या विभागातल्या बाईंवर आळ आला की २ डॉलर ९८ सेंटचं चिकन घेऊन एकच डॉलर ठेवला. खरं म्हणजे छोटे खोके संपले होते म्हणून त्यांनी एक डॉलरचं चिकन मोठ्या खोक्यात भरलं होतं. त्यांचं चिकन, माझी केळी. मी शाकाहारी आवृत्ती.

दुसऱ्याच आठवड्यात कार्डावर सही केली. लाज वाटली म्हणून, उगाच तत्त्वाबित्त्वाच्या गप्पा नकोत.

आता तक्रारी. ऑफिसात फोन केला की व्हॉइसमेल. त्या सात महिन्यांत माझी केस पाहणारा प्रतिनिधी दोनदा बदलला आणि प्रत्येकाला केळी पहिल्यापासून समजावली. ज्या आठवड्यात बाराच तास काम मिळतं त्या आठवड्यातही साडेनऊच कापले जातात. सभा ठेवतात मंगळवारी सकाळी दहाला, म्हणजे नेमकी माझी शिफ्ट असताना.

आणि अर्धा तारा. मिशिगनने तो कायदा मार्च २०२३ मध्ये रद्द केला आणि १३ फेब्रुवारी २०२४ पासून करारात पैशांचं कलम पुन्हा घालता येऊ लागलं. (आधी इंडियानाने १९६५ मध्ये रद्द केला होता आणि २०१२ मध्ये परत आणला, त्यामुळे इथेही कायम काही नाही.) आमच्या नव्या करारात कलम आलं. सरकारी नोकरांचं वेगळं, त्यांच्यावर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कुठल्याच राज्यात सक्ती करता येत नाही. पण आम्ही खासगी दुकानातले, आता सगळेच देतो. चांगलंच झालं, फुकटे गेले, मी स्वतः एक होते. पण तेव्हापासून डोनट आले नाहीत! नव्या पोरांना कार्ड कोणी हातात देत नाही, पगाराच्या स्लिपवर कपात दिसली की ती मला येऊन विचारतात.

कानात सांगणारा तो मुलगा अजून आहे. ‘माझे पैसे निवडणुकीत जातात,’ म्हणून चिडतो. त्याला मी सांगितलं की सभासद राहू नकोस, लेखी आक्षेप घे, मग प्रतिनिधित्वाच्या खर्चापुरतेच दे. १९८८ चा निकाल आहे तसा. त्याने पत्र पाठवलंय. दोन महिने झाले, उत्तर नाही. तो अर्धा तारा तिथे गेला.

बाकी, नवीन लागणाऱ्यांनी वेळापत्रकाचा दर शुक्रवारी फोटो काढून ठेवा. मागच्या खोलीत बोलावलं तर बसायच्या आधी स्टुअर्ड मागा. आणि ऑरगॅनिकला नऊ लागतो.