बेसबॉल बघायला घ्यायचंय, पण कुठल्या काळातलं? पिचरचं की बॅटरचं?

क्रिकेटवर वाढलेला माणूस बेसबॉलकडे वळला की हमखास विचारतो, जुने गाजलेले सामने बघू की सरळ आजचे? हा प्रश्न रास्त आहे. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉलमध्ये, पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटर यांची पारडी इतक्या वेळा खालीवर झाली आहेत की तुम्ही कुठल्या वर्षातून आत शिरता, त्यावर हा खेळ कसा वाटेल ते ठरतं. मी तीन काळ समोर ठेवतो: 1968, 2000 च्या आसपासची वर्षं आणि 2023 पासूनचं बेसबॉल.

1968 मध्ये पिचरचं राज्य होतं. एका संघाच्या सामन्यामागे सरासरी 3.42 धावा, बस्स. मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगमध्ये .300 च्या वर सरासरी (दर दहा प्रयत्नांत तीन हिट; हिट म्हणजे फटका मारून बेस, धावेच्या वाटेवरचा थांबा, गाठणं) असलेला बॅटर अख्ख्या मोसमात एकच, कार्ल यास्त्रेम्स्की, आणि तोही .301 वर. सेंट लुईस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनने नऊ इनिंगमागे, म्हणजे पूर्ण सामन्यामागे, फक्त 1.12 धावा दिल्या, आणि तरी तो नऊ सामने हरला, कारण समोरचा पिचरही तसाच भारी असायचा. सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेलॉर्ड पेरीने कार्डिनल्सना एकही हिट दिली नाही, गिब्सन 1-0 ने हरला. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात कार्डिनल्सच्या रे वॉशबर्नने परतफेड केली, तीही एकही हिट न देता!

या काळातला एकच सामना बघायचा असेल तर 2 ऑक्टोबर 1968 चा, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, पहिला. नवव्या इनिंगमध्ये गिब्सनने पंधरावा बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केला आणि सँडी कूफॅक्सच्या विक्रमाशी बरोबरी झाली. प्रेक्षक उभे राहिले. कॅचर (बॅटरमागचा, विकेटकीपरसारखा) टिम मॅकार्व्हर चेंडू परत द्यायचा सोडून धावफलकाकडे बोट दाखवत राहिला. गिब्सन मात्र चेंडू दे म्हणून त्याच्यावर ओरडत होता. मग आणखी दोन बॅटर गेले, एकूण सतरा. ती घाई बघताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

पण सगळेच सामने असे व्हायला लागल्यावर लीगला हात घालावा लागला. 1969 मध्ये पिचर जिथून चेंडू टाकतो तो माउंड 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोनही (ज्या पट्ट्यातून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो तो) आवळला. पाच इंच ऐकायला किरकोळ वाटतात. पण पिचर जितका उंच, तितका चेंडू तिरपा खाली उतरतो आणि बॅटच्या वाटेत कमी वेळ राहतो.

2000 मध्ये चित्र बरोबर उलटं. संघामागे 5.14 धावा, मोसमात 5,693 होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे). टी-ट्वेंटीची सवय असेल तर हे पटकन आवडेल. पण त्या वर्षांतल्या कितीतरी होमरनना स्टिरॉइड्सचा डाग आहे आणि मला ते सामने निर्मळ मनाने बघता येत नाहीत. माझ्यासाठी त्या काळाचं सोनं म्हणजे पेड्रो मार्टिनेझ. 2000 मध्ये त्याने नऊ इनिंगमागे 1.74 धावा दिल्या. अमेरिकन लीगमध्ये दुसरा आला रॉजर क्लेमेन्स, 3.70 वर. बॅटरांच्या पुरात उभा राहिलेला हा पिचर मला गिब्सनइतकाच मोठा वाटतो. 1999 चा ऑल-स्टार सामना शोधून बघा: पहिले चार बॅटर ओळीने स्ट्राइकआउट, त्यात होमरनसाठी गाजलेले सोसा आणि मॅग्वायरसुद्धा.

आता आजचं. आकडे इथे फसवतात. 2022 मध्ये बॅटरांची सरासरी .243 होती, 1968 नंतरची सगळ्यात कमी, म्हणून ते दिवस परत आले असं वाटेल. तसं नाही. तेव्हा एकच पिचर सामना शेवटपर्यंत ओढायचा. 1968 मध्ये गिब्सनने एकट्याने 28 सामने पूर्ण टाकले आणि 2024 मध्ये तीसही संघांचे मिळून तेवढेच झाले. आज पाच-सहा इनिंगनंतर नव्या दमाचे पिचर एकामागून एक येतात आणि ताशी 150 किलोमीटरच्या वर टाकतात. बॅटरही मग एका हिटपेक्षा होमरनवरच डाव लावतात. परिणाम असा की 2018 मध्ये हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले, असं आधी कधीच झालं नव्हतं. चेंडू मैदानात पडणंच कमी झालं आणि माझं खरं दुःख तेच आहे.

2023 च्या नियमांनी थोडा जीव आणला. पिचरला वेळेचं बंधन घातलं, आतल्या भागातले फिल्डर एका बाजूला लोटायला मनाई केली, बेस मोठे केले. सामना सरासरी 3 तास 4 मिनिटांवरून 2 तास 40 मिनिटांवर आला आणि चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले) 2,486 वरून 3,503 वर गेले. स्ट्राइकआउट मात्र हटले नाहीत.

माझा सल्ला: सुरुवात आजच्या सामन्यांपासून करा. न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो आणि बहुतेकदा सव्वासातपर्यंत आटोपतो. कसोटीतला तासभराचा स्पेल ज्यांना आवडतो त्यांनी महिनाभराने गिब्सनकडे जावं. फटकेबाजीच हवी असेल तर 2000 घ्या, पण पेड्रोच्या दिवसांपासून. आणि पहिले काही सामने चेंडूच्या मागे डोळे पळवू नका. कॅचर ग्लव्ह कुठे धरतो ते बघा, मग चेंडू तिथेच येतो का ते बघा.